साखर सोडली, गूळ धरला



आज मी पिकाविषयी बोलणार नाही, चुलीजवळच्या एका गोष्टीविषयी बोलणार आहे. म्हणजे आपल्या चहाच्या कपाविषयी. गेल्या काही महिन्यांत कार्यक्रमाकडे जी पत्रं आली त्यांत खत-औषधांच्या प्रश्नांबरोबर एक प्रश्न सारखा येतो आहे. घरात वडलांना किंवा आईला शुगर निघाली, डॉक्टरांनी साखर बंद केली, मग गूळ चालतो का? कुणी विचारतं मध चालतो का, कुणी त्या डबीतल्या गोड गोळ्यांविषयी विचारतं. आणि एका बंधूंनी तर विचारलंय की ते गोड पानांचं झाड परसात लावलं तर वाण्याकडून साखर आणायचीच गरज उरत नाही, हे खरं काय?

मी पुष्कळ वर्षं गृहविज्ञान शिकवलं. पण आज जे सांगणार आहे त्यातलं अर्धं मी पुस्तकात नाही, माहेरच्या घरात शिकले. माझं माहेर करवीर तालुक्यातलं, नदीकाठचं. ऊस आणि गूळ यांवरच आमचं घर उभं राहिलं. तेव्हा गुळाची निंदा करायला मी इथं आलेले नाही, हे आधीच सांगून टाकते.

आमचे थोरले चुलते, त्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो. त्यांना पन्नाशीत मधुमेह निघाला. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, 'आजपासून साखर बंद.' आप्पा शब्दाचे पक्के. त्या दिवसापासून त्यांनी साखरेचा कण तोंडात घातला नाही. लग्नात जिलबी वाढायला आला की पानावर हात आडवा धरायचे. आणि घरी? घरी गुळाचा चहा. सकाळी उठल्यावर एक, धार काढून झाली की एक, रानातून आल्यावर एक, असे दिवसाला सहा. प्रत्येक कपात सुपारीएवढा गुळाचा खडा. वर भाकरीबरोबर तोंडी लावायला दूध-गूळ. कुणी काही बोललं तर म्हणायचे, "आगं, साखर कुठं खातोय मी? गूळ हाय त्यो. आपल्याच गुऱ्हाळाचा, बिनऔषधाचा."

तीन वर्षं त्यांनी रक्त तपासलं नाही. साखर खातच नाही तर तपासायचं काय, असा त्यांचा हिशेब. मग एका खोडव्यात पाणी पाजताना उसाचा बुडखा पायाला लागला. लागलेलं त्यांना कळलंसुद्धा नाही, कारण जुन्या मधुमेहात पायाची जाणीव कमी होत जाते. चार दिवसांनी काकूंना वास आला म्हणून पाय बघितला. शेवटी डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. दवाखान्यात आप्पांनी मला विचारलेलं वाक्य अजून माझ्या कानात आहे. "बाळ, मी तर सगळं पाळलं की गं. मग कशानं झालं?"

त्यांनी खरोखरच सगळं पाळलं होतं. जे सांगितलं ते. पण गुळाविषयी त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं, आणि विचारावं असं त्यांनाही वाटलं नाही. घरात गृहविज्ञान शिकवणारी पुतणी असून मीही कधी त्यांच्या कपात डोकावले नव्हते.

आता गूळ म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. गुऱ्हाळावर ज्यांनी रात्री काढल्यात त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त कळतं. तरी एकदा त्या काहिलीजवळ उभं राहून या दृष्टीनं बघू या. घाण्यातून रस आला, काहिलीत पडला. चुलवणात चिपाड पेटलं. रसात थोडा चुना टाकला, भेंडीचं चिकट पाणी टाकलं, की मळ फेसाबरोबर वर येतो आणि तो झाऱ्यानं काढून टाकतात. मग रस आटत जातो. काकवी पाहिजे असेल तर एकशे पाच-सहा अंशाला उतरवायची. गूळ पाहिजे असेल तर एकशे अठरा अंशांच्या आसपास न्यायचं. गुळव्या थेंबभर पाक गार पाण्यात टाकून बघतो, टणक गोळी झाली की काहील उतरली. वाफ्यात ओतायचं, घोटायचं, ढेपा भरायच्या. या सगळ्या कामात रसातून बाहेर काय गेलं? वरचा मळ गेला आणि वाफेच्या रूपानं पाणी गेलं. रसातली साखर जिथल्या तिथं राहिली.

कारखान्यात काय होतं? तिथंही रस साफ करून आटवतात, पाकाचे दाणे पाडतात आणि मग गरगर फिरणाऱ्या यंत्रात दाणे एकीकडे, मळी एकीकडे करतात. दाणे पोत्यात भरले की ती साखर. म्हणजे फरक एवढाच की साखरेतून मळी वेगळी काढलेली असते आणि गुळात ती मिसळलेली राहते. शंभर ग्रॅम साखरेत जवळजवळ शंभर ग्रॅम साखर. शंभर ग्रॅम गुळात ऐंशी ते नव्वद ग्रॅम साखर, बाकी ओल, क्षार आणि रंग देणारे पदार्थ. त्या साखरेतलीही काही आधीच फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झालेली असते, म्हणजे रक्तात जायला आणखी तयार. शक्ती मोजायची तर साखरेत शंभर ग्रॅमला चारशे उष्मांक आणि गुळात पावणेचारशेच्या वर. जिभेला फरक कळतो, रक्ताला फारसा कळत नाही.

लोहाचं सांगतात. गुळात लोह असतं हे खरं, काही तर काहिलीतूनच उतरतं. पण चहातल्या वीस ग्रॅम गुळातून एखाद-दुसरा मिलिग्रॅम मिळाला तर मिळाला. मोठ्या बाईमाणसाला रोज एकोणतीस मिलिग्रॅम लोह आहारात असावं असं आपल्या देशातल्या पोषणशास्त्रज्ञांनी २०२० साली ठरवून दिलंय. ते गुळातून काढायचं म्हटलं तर बाई लोहाआधी साखरेनंच आजारी पडेल. लोहासाठी पालेभाजी, कडधान्यं, खात असाल तर मटण-कलेजी, आणि गरोदरपणी दवाखान्यातल्या गोळ्या.

मग गूळ वाईट का? मुळीच नाही. ज्याला मधुमेह नाही, जो दिवसभर ऊस तोडतो, भांगलतो, त्यानं दुपारी गूळ-शेंगदाणे खाल्ले तर ते बिस्किटाच्या पुड्यापेक्षा केव्हाही सरस. फक्त बाजारात गूळ घेताना पिवळ्याधमक रंगावर जाऊ नका. तो रंग बऱ्याच वेळा हायड्रॉस टाकून आणलेला असतो. काही ठिकाणी तर काहिलीत स्वस्त साखरेची पोती ओततात आणि ढेप पाडतात. म्हणजे साखर नको म्हणून गूळ घ्यायचा आणि पैसे देऊन साखरच घरी आणायची. तांबूस-काळपट गूळ चांगला. पण चांगला गूळ म्हणजे मधुमेहाचा गूळ नव्हे. तसा गूळ नसतो. मधालाही हेच लागू आहे, काकवीलाही, खडीसाखरेलाही, नारळाच्या आणि ताडाच्या साखरेलाही. आणि उसाचा रस? एका मोठ्या ग्लासात सहा-सात चमचे साखर असते. बर्फ आणि लिंबू टाकल्यानं ती कमी होत नाही.

ज्यांना आजार नाही त्यांनी तरी किती खावं? जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली याचा आकडा दिला. अन्नात वरून घातलेली साखर, गूळ, मध आणि फळांचे रस हे सगळं मिळून दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, पाच टक्क्यांवर आणता आलं तर उत्तम. दोन हजार उष्मांक खाणाऱ्या माणसाला दहा टक्के म्हणजे पन्नास ग्रॅम, पाच टक्के म्हणजे पंचवीस ग्रॅम. अख्खं फळ यात धरत नाहीत.

रोजचे चमचे मोजत बसायला कुणाला वेळ आहे? त्यापेक्षा वाण्याची यादी काढा. माणशी महिन्याला पाऊण किलो म्हणजे रोजचे पंचवीस ग्रॅम, दीड किलो म्हणजे पन्नास. घरात पाच माणसं असतील तर साखर आणि गूळ मिळून महिन्याला पावणेचार किलो हे चांगलं, साडेसात किलो ही शेवटची हद्द. यात बिस्किटं, पेढे, थंड पेयाच्या बाटल्या धरलेल्या नाहीत. त्या धरल्या तर हद्द आणखी आत येते. तीनशे मिलिलिटरच्या एका बाटलीत तीस ग्रॅमच्या पुढं साखर असते. मी हा हिशेब महिला मंडळात सांगितला तेव्हा एक वहिनी म्हणाल्या, "बाई, आमच्यात महिन्याला बारा किलो लागते, आणि माणसं सहा." मग त्यांनीच मनाशी आकडेमोड केली आणि गप्प बसल्या. बारा किलो भागिले सहा म्हणजे माणशी दोन किलो. यातली थोडी आल्यागेल्याच्या चहात जाते हे धरलं तरी.

तुम्ही म्हणाल, आम्ही ऊस पिकवायचा आणि आम्हालाच साखर कमी खा म्हणून सांगता, हा आपल्याच पायावर धोंडा नव्हे का? नाही. कारखान्यातली पुष्कळशी साखर मिठाईवाले, बिस्किटवाले आणि शीतपेयवाले उचलतात. उसाचा रास्त आणि किफायतशीर दर दिल्लीत ठरतो, आणि आता बराच ऊस इथेनॉलकडेही जातो. तुमच्या घरच्या डब्यातून दोन किलो कमी झाल्यानं तुमच्या बिलात फरक पडायचा नाही. दवाखान्याच्या बिलात पडेल. २०२३ साली देशभरच्या मोठ्या पाहणीचे आकडे आले, त्यात भारतात दहा कोटींच्या वर लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज निघाला. तो आता फक्त शहरातल्या, खुर्चीवर बसणाऱ्या माणसाचा आजार राहिलेला नाही.

आता गोड गोळ्यांकडे वळू या. साखर न वापरता गोडी आणायची ही युक्ती काही आजची नाही. १८७९ साली अमेरिकेत बाल्टिमोर इथल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात फालबर्ग नावाचे रसायनशास्त्रज्ञ डांबरापासून निघणाऱ्या पदार्थांवर काम करत होते. संध्याकाळी हात न धुता जेवायला बसले, तर पाव गोड लागला. प्रयोगशाळेत परत जाऊन एकेक भांडं चाखलं आणि सॅकरीन सापडलं. (तुम्ही मात्र औषध मारून आल्यावर हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका.) सॅकरीन साखरेच्या तीनशेपट किंवा त्याहूनही गोड. पुढं १९६५ साली अ‍ॅस्पार्टेम निघालं, दोनशेपट गोड. १९७६ साली लंडनच्या एका कॉलेजात प्राध्यापक हफ यांच्या हाताखाली शशिकांत फडणीस संशोधन करत होते. साखरेवरच रासायनिक प्रक्रिया करून बनवलेला एक पदार्थ प्राध्यापकांनी त्यांना तपासायला सांगितला. इंग्रजीत 'टेस्ट' म्हणजे तपास आणि 'टेस्ट' म्हणजे चव हे शब्द आपल्या कानाला सारखेच लागतात. फडणीसांनी तो चाखला अशी गोष्ट सांगतात. त्यातून सुक्रालोज निघालं, साखरेच्या सहाशेपट गोड.

या पदार्थांची गोडी एवढी तीव्र असते की कपभर चहाला मोहरीएवढीसुद्धा मात्रा लागत नाही. म्हणून त्यांतून उष्मांक जवळजवळ मिळत नाहीत आणि त्यांच्यामुळं रक्तातली साखर चढत नाही. त्या अपायकारक आहेत का, हा पुढचा प्रश्न. सॅकरीननं उंदरांना मूत्राशयाचा कर्करोग होतो असं दिसल्यावर १९७७ साली अमेरिकेत त्यावर बंदी आणायचं चाललं होतं. बंदी टळली, पण पुड्यांवर इशारा छापायला लावला. नंतर कळलं की उंदराच्या शरीरात जे घडतं ते माणसाच्या शरीरात तसं घडत नाही, आणि २००० साली तो इशारा काढला. अ‍ॅस्पार्टेमचं अलीकडचं. २०२३ च्या जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं त्याला 'कदाचित कर्करोगकारक' अशा यादीत घातलं. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच यादीत आहे. त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीनं रोजची मर्यादा होती तीच कायम ठेवली, वजनाच्या दर किलोला चाळीस मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला ही मर्यादा चोवीसशे मिलिग्रॅम होते आणि चहाच्या एका गोळीत तो साधारण वीस मिलिग्रॅमच्या आसपास असतो. तेव्हा दिवसाकाठी दोन-चार गोळ्या घेणाऱ्या मधुमेही माणसानं घाबरून जायचं कारण नाही. फिनाइलकीटोन्युरिया नावाचा एक दुर्मिळ जन्मजात आजार असतो, त्या रुग्णांनी मात्र अ‍ॅस्पार्टेमला हात लावू नये. शिवाय अ‍ॅस्पार्टेम फार वेळ उकळल्यावर फुटतं आणि गोडी जाते, म्हणून गोळी चहा गाळल्यावर कपात टाकायची, आधणात नाही.

पण ज्याला मधुमेह नाही त्यानं वजन उतरावं म्हणून या गोळ्या धराव्यात का? माझं मत, नको. २०२३ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनंही हेच सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी या पदार्थांवर भिस्त ठेवू नका, दूरच्या काळात त्याचा उपयोग दिसत नाही. आधीपासून मधुमेह असलेल्यांना ती सूचना लागू नव्हती, हेही लक्षात ठेवा. लहान मुलांना आणि गरोदर बाईला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नयेत. मुलांच्या जिभेला तीनशेपट गोडीची सवय लावली तर तिला आंबा कसा गोड लागेल?

दुकानातला पुडा घेताना मागची बारीक अक्षरं वाचा, डोळ्यांना दिसत नसतील तर शाळेतल्या पोराला वाचायला सांगा. घटकांच्या यादीत ९५०, ९५१, ९५४, ९५५ किंवा ९६० यांपैकी आकडा दिसला तर समजा की साखरेऐवजी गोडीचा पदार्थ घातलाय. ९५१ म्हणजे अ‍ॅस्पार्टेम, ९५४ सॅकरीन, ९५५ सुक्रालोज, ९६० स्टीव्हियाचं. ४२० किंवा ९६५ असेल तर तो निराळा प्रकार, सॉर्बिटॉल-माल्टिटॉल. जास्त खाल्लं की पोट बिघडतं. आणि 'शुगर फ्री' छापलेल्या बिस्किटात मैदा आणि तूप असतंच. मैद्याचीही शेवटी रक्तात साखरच होते. 'शुगर फ्री पेढे' म्हणून पाव किलो खाणारे महाभाग मी पाहिलेत. जत्रेतल्या गाड्यावरच्या गोळ्याला मागची बारीक अक्षरंच नसतात. तो खाऊन जिभेवर मागाहून कडवट चव रेंगाळली तर सॅकरीनचा संशय धरायला हरकत नाही.

आता त्या परसातल्या झाडाविषयी. स्टीव्हिया मूळ दक्षिण अमेरिकेतल्या पॅराग्वे देशाकडचं. तिथले मूळ रहिवासी त्याची पानं पिढ्यान् पिढ्या पेयात टाकत आले. आपल्याकडं अन्नसुरक्षा खात्यानं २०१५ साली त्याला मान्यता दिली, पण ती पानांतून काढून शुद्ध केलेल्या अर्काला. हौसेनं एक कुंडी लावा, दोन पानं चहात टाकून बघा, हिरवट-कडसर चव लागते ती आवडली तर ठीक. पण साखरेची गरज त्यानं संपायची नाही. आणि कुणी रोपं विकायला आला, एकरी लाखांचं गणित मांडू लागला, तर आधी एवढंच विचारा की पानं घेणार कोण, कुठल्या दरानं, आणि ते लिहून देणार का. लिहून द्यायला कचरत असेल तर रोपं त्याच्याच गाडीत राहू द्या.

आता आप्पांच्या गोष्टीचा दुसरा भाग सांगते, कारण तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. बोटं गेल्यावर आप्पांनी गूळही सोडला. घरात गोड गोळ्यांची डबी आली. डॉक्टरांनी मधुमेहाचं औषध वाढवलं, तपासण्या नियमित सुरू झाल्या, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी ती एचबीए१सी तपासणी पहिल्यांदा झाली. सगळं ठीक चाललं होतं. वैशाखात एक संकष्टी आली. आप्पांनी सकाळची गोळी घेतली, उपास म्हणून खाल्लं काही नाही, आणि बारे धरायला रानात गेले. अकराच्या सुमाराला बांधावर बसले ते घामानं निथळत, हातपाय थरथर कापतायत, आणि काही विचारलं तर भलतंच बोलतायत. सून हुशार, तिनं घरी आणलं आणि झटकन चहा केला. पण सासऱ्यांना साखर चालत नाही म्हणून चहात डबीतली गोळी टाकली. चहा पोटात गेला तरी काही उपयोग नाही, उलट मान टाकायला लागले. तेवढ्यात शेजारचा गुळव्या आला. त्यानं बघितलं, कोपऱ्यातल्या ढेपेचा तुकडा फोडला आणि म्हणाला, "मामा, चावा ह्यो." आप्पा अजून गिळण्याइतके शुद्धीवर होते. पंधरा-वीस मिनिटांत माणूस उठून बसला.

हे काय झालं? इन्सुलिन आणि मधुमेहाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराईड, रक्तातली साखर खाली आणतात. पोटात अन्न नसेल आणि वर अंगमेहनत असेल तर साखर धोक्याच्या खाली जाते. मेंदूला जळणच मिळत नाही. अशा वेळी डबीतली गोळी ही नुसती गोडी आहे, तिच्यात साखर नाही, आणि त्या माणसाला त्या घडीला साखरच पाहिजे असते. ज्या गुळानं आप्पांचा पाय घालवला त्याच गुळानं त्या दिवशी जीव वाचवला.

तेव्हा घरात मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेलं माणूस असेल तर हे घरातल्या सगळ्यांना, पोरांनासुद्धा, सांगून ठेवा. एकाएकी घाम, थरथर, छातीत धडधड, डोळ्यांपुढं अंधारी, विनाकारण चिडचिड किंवा असंबद्ध बोलणं दिसलं की तीन चहाचे चमचे खरी साखर अर्धा पेला पाण्यात ढवळून प्यायला द्या. साखर हाताशी नसेल तर गुळाचा लिंबाएवढा खडा. पंधरा मिनिटं थांबा, फरक नसेल तर पुन्हा तेवढंच द्या. बरं वाटलं की लगेच भाकरी किंवा भात खायला घाला, नाहीतर साखर परत उतरते. आणि माणूस बेशुद्ध असेल, गिळत नसेल, तर तोंडात काहीही घालू नका, ते श्वासनळीत जातं. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करून गाडी बोलवा. उपास धरायचाच असेल तर औषध कसं घ्यायचं हे आधी डॉक्टरांना विचारा, उपासाच्या दिवशी सकाळी नव्हे.

बाकी रोजच्या चहाचं म्हणाल तर एकदम फिका करू नका, घरात भांडण होतं. दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी करत जा. जिभेला सवय लागते. दोन महिन्यांनी पूर्वीचा चहा पाकासारखा लागतो, हा माझा स्वतःचा अनुभव. पाहुण्याला विचारून साखर घालण्यात कमीपणा नाही. कप लहान घ्या. उन्हातून आलेल्याला सरबताऐवजी जिरं-मीठ घातलेलं ताक द्या. दोन वर्षांखालच्या मुलाच्या दुधात साखर-गूळ काहीच नको, त्याला त्याची गरज नसते आणि मागायचं ते अजून शिकलेलं नसतं. संक्रांतीचा तिळगूळ, पाडव्याची साखरेची माळ यांवर मी काही बोलणार नाही. सण रोज येत नाहीत. मधुमेह असलेल्यानं तिळाची एक वडी घेतली आणि त्या जेवणातला भात तेवढा कमी केला तर डॉक्टरही फार रागावणार नाहीत. आणि पाय. मधुमेह असेल तर खोडव्यात अनवाणी उतरू नका, आणि रात्री झोपताना तळपाय बघा, स्वतःला वाकता येत नसेल तर नातवाला दाखवा.

आप्पा आता सत्तरीच्या पुढं आहेत. बिनगोडाचा चहा पितात आणि रोज पिताना तोंड वाकडं करतात. रानात जाताना बंडीच्या खिशात साखरेची घट्ट बांधलेली छोटी पुडी असते. पावसाळ्यात ती ओली होते म्हणून काकू दर सोमवारी बदलतात. तुमच्या घरी कुणाला अशी पुडी लागत असेल तर ती खिशात कुठं ठेवली आहे हे पाणी पाजायला बरोबर येणाऱ्या गड्यालाही दाखवून ठेवा.